डबापानावर न छापलेली ओळ

बाई,

तुम्ही गेल्यावर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं. अंबरपेठेतला तो छोटा हॉल, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, तुमच्या शाळेतले सगळे शिक्षक, मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली तुमची जुनी-नवी मुलं आणि समोर तुमचा फोटो. शुभांगीनं, तुमच्या लेकीनं, माझं नाव पुकारलं. म्हणाली, "मुक्तामॅडम आईला फार जवळच्या. त्यांचं पान आलं की आई त्या दिवशी डबा सावकाश खायची." मी उठले. तुमच्या शिस्तीबद्दल बोलले, खणखणीत आवाजाबद्दल बोलले, नव्या शिक्षकांना तुम्ही कसं सांभाळून घेत होतात ते सांगितलं. लोक डोळे पुसत होते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून मी बाकी सगळं सांगितलं. खाली बसल्यावर शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "फार छान बोललात."

ते राहिलेलं आज लिहिते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मुद्द्यावर ये, बेल होईल." मी लगेच मुद्द्यावर येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अवघड गोष्ट सांगायची असली की मी आधी टेबल पुसते, पेन शोधते, हे तुम्हीच सगळ्या स्टाफरूमला सांगत असायचात.

तुमच्या शेजारच्या वर्गावर मी लागले तेव्हा माझ्याजवळ बी.एड.ची ताजी पदवी होती आणि घरचा रुबाब होता. आमच्याकडे तीन पिढ्या मास्तर नाहीतर वकील. जामबागेच्या घरात इंग्रजी पुस्तकं एवढी, की कपडे ठेवायला जागा नसायची. तुमचे वडील मराठवाड्यातून इथे आले ते गोदामात पोती उचलायला, आणि तुम्ही तुमच्या अख्ख्या गोतावळ्यातल्या पहिल्या शिक्षिका. हे मला कळायलाही वर्ष गेलं, कारण तुम्ही स्वतःबद्दल बोलत नव्हतात आणि मला स्वतःबद्दल बोलण्यातून फुरसत नव्हती. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गाचा भाजीबाजार झाला. मी घसा फोडून ओरडत होते. तुम्ही दारात येऊन नुसत्या उभ्या राहिलात. पोरं चिडीचूप. मधल्या सुट्टीत मला म्हणालात, "ओरडू नक्को गं. हळू बोल. काय म्हणते ते ऐकायला तरी गप बसतात." एवढं एक वाक्य मला दोन वर्षांच्या पदवीत कुणी सांगितलं नव्हतं.

डबापानाची गोष्ट मी संस्थेत शंभर वेळा सांगितली असेल, दर वेळी थोडी माझ्या बाजूनं वळवून. खरी अशी. तुम्ही कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका घेऊन आलात आणि स्टाफरूमच्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीत. टेबल डुगडुगायचं थांबलं. मी म्हणाले, "बाई, त्यात चांगलं संशोधन आहे हो." तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "हौ, असेल की. मी कधी वाचू? सकाळपासून उभी. घरी गेले की स्वयंपाक, मग वह्या. तुला येतं ना इंग्रजी? तू वाच आणि मला सांग. माझा डबा संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढंच सांग." मी खाली वाकून ती पुस्तिका काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. तुमच्या वाटीतलं वरण सांडलं, आणि तुम्ही हसलात. त्या दिवशी मी तुम्हाला जे तोंडी सांगितलं, ते पहिलं डबापान.

पुढे मी शाळा सोडली आणि संशोधन शिक्षकांपर्यंत पोचवणाऱ्या कुकटपल्लीच्या संस्थेत गेले. सोडताना मला वाटलं होतं, तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात, "जा. पण तिथे बसून आमच्यावर नक्को लिहू. आमच्यासाठी लिही." ते मी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. काही वर्षं पाळलंही. दर पंधरा दिवसांनी एक पान. एका बाजूला छापलेलं: हे संशोधन काय सांगतं, उद्या वर्गात काय करून बघता येईल. दुसरी बाजू कोरी. ती शिक्षकांची. करून पाहिलं, काय झालं ते तिथे लिहायचं. ही कोरी बाजू तुमची कल्पना. मी त्यावर चित्रं टाकणार होते.

छापण्याआधी प्रत्येक पान तुमच्याकडे यायचं. डाव्या हातात कागद, उजवा हात डब्यात. वाचताना चावणं थांबलं की ते वाक्य नापास. बोटानं तिथे खूण करायचात आणि बोटाला गोंगुऱ्याची चटणी असायची, त्यामुळे कच्चा कागद परत आला की कुठे अडलं ते मला तेलाच्या डागावरून कळायचं. एकदा मी 'अध्ययन-अध्यापन प्रक्रियेतील सहभागित्व' असं काहीतरी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" आठ दिवस स्टाफरूममध्ये मला त्यावरून चिडवत होते. मी चिडले होते, पण ते वाक्य मी बदललं. तुमच्यामुळे मला साधं लिहिता यायला लागलं, बाई. लोक मला त्यासाठी बोलावतात, हार घालतात. तुमचं नाव मी क्वचितच घेतलं. 'एक अनुभवी शिक्षिका' असं म्हणायचे.

आता मुद्दा.

जोडीवाचनाचं पान. वाचायला अडखळणारं मूल आणि सरसर वाचणारं मूल शेजारी बसवायचं, दोघांनी एक परिच्छेद एका आवाजात वाचायचा, मग अडखळणाऱ्यानं एकट्यानं. ज्या इंग्रजी लेखावरून मी ते केलं त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती: दर पंधरा दिवसांनी जोड्या बदला, नाहीतर मागं असलेलं मूल जोडीदाराच्या आवाजावर विसंबून राहतं. माझ्या कच्च्या पानात ती ओळ होती. पान तुमच्याकडे आलं तेव्हाही होती, पण तुम्ही नीट न वाचताच घाईघाईत मान हलवून कागद परत दिलात, कारण त्या दिवशी कुठल्या मुलाच्या डोक्याला लागलं होतं. नंतर संस्थेतून निरोप आला की यापुढे प्रत्येक पानाच्या तळाशी संस्थेचं बोधचिन्ह हवं, ठसठशीत हवं. एका बाजूत बसेना. मी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती ओळ काढली. दुसरं काहीही काढता आलं असतं. 'प्रिय शिक्षकमित्रहो' काढता आलं असतं. मला ती ओळ बारीकसारीक सूचना वाटली. गेली दहा वर्षं मी रोज वर्गावर उभी नव्हते ना. काढायला मला पाच मिनिटं लागली नाहीत, आणि पुन्हा तुम्हाला दाखवावं असंही वाटलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तुम्ही तिसरीत जोड्या लावल्यात. रेणुका आणि सानिका. रेणुकाचे आईवडील एका अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या खोलीत राहत होते, वॉचमनचं काम, घरात छापलेला कागद म्हणजे तेलाच्या पिशवीवरचा. सानिका चुणचुणीत. तुम्ही मला फोन करून आनंदानं सांगायचात, "पोट्टी वाचायला लागली गं. पान चाललं तुझं." मी ते बैठकीत सांगायचे.

संक्रांतीनंतर सानिकाला कांजिण्या झाल्या. रेणुका बाकावर एकटी. तुम्ही तिला म्हणालात, वाच. तिनं धडा अथपासून इतिपर्यंत म्हटला, न अडखळता. तुम्ही जवळ गेलात. त्या संध्याकाळी फोनवर तुमचा आवाज मी पहिल्यांदा बसलेला ऐकला. "मुक्ता, पोरीचं बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. मी दुसरं पान उघडून दिलं तर एक अक्षर नाही. तीन महिने तिनं सानिकाचं ऐकून सगळं पाठ केलं. आणि मी शाबासकी देत बसले." मग विचारलंत, "तुझ्या मूळ लेखात काही लिहिलं होतं का, जे माझं करायचं राहिलं? बघून सांगते का?"

मी बघितलं. बघायची गरज नव्हती, फोन ठेवायच्या आधीच मला आठवलं होतं. तरी लेख उघडला. ओळ होती तिथे होती.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, "नाही हो बाई, तसं वेगळं काही नाहीये त्यात. वर्गावर्गात फरक पडतो."

तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं."

मी म्हणाले, "हं."

एवढंच. या 'हं'ची मी नंतर किती कारणं शोधली. पुढच्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि हेच पान आम्ही मिरवणार होतो. संस्थेत नवे साहेब आले होते. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. सगळी कारणं खरी आहेत आणि एकाचाही उपयोग नाही. खरं कारण हे की तुमच्यासमोर नापास व्हायची मला लाज वाटली. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं कदाचित. तुमची चूक नाही हे ठाऊक असताना ती तुमच्या पदरात घालणं मला सोपं गेलं, कारण तुम्ही ती घ्याल याची खात्री होती. तुमच्यासारखी माणसं आधी स्वतःचंच चुकलं असेल असं धरून चालतात. आमच्या घरात ते कुणी शिकलं नाही.

तुम्ही वर्गासमोर रेणुकाची माफी मागितलीत, हे मला मागाहून दुसऱ्या शिक्षिकेकडून कळलं. त्यांना ते जरा जास्तच वाटलं होतं. "तिसरीतल्या पोरीला कुणी सॉरी म्हणतं का?" मग सुट्ट्या लागेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर तुम्ही तिला तासभर थांबवून घेत होतात, अक्षरापासून. तेव्हाच जिना चढताना तुम्हाला धाप लागायला लागली होती. शुभांगी म्हणते, हृदयाचं दुखणं जुनंच होतं, आई सांगत नव्हती. ती माझी समजूत काढायला नव्हती म्हणत, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. पण मी ते तास विसरू शकत नाही. तो तासभर तुम्ही घरी जाऊन पाय वर करून बसायला हवं होतं.

त्यानंतरही तुम्ही माझ्याशी पूर्वीसारख्याच वागलात. तेच मला सोसेना. मी येणं कमी केलं. कच्चं पान दाखवायला यायचे, ते मोबाईलवर पाठवू लागले. मग संस्थेनं कागदच बंद केला, आणि छोटे व्हिडिओ, मेसेज असं सुरू झालं. त्यावरून आपलं शेवटचं भांडण. मी तुम्हाला समजावत होते की आता कुणाला कागद नको असतो, एका बोटात सगळं मिळतं. तुम्ही म्हणालात, "मिळतं गं. पण मोबाईलला मागची बाजू नसते. आमचं कुठे लिहायचं?" मी हसले. "बाई, तुम्ही पण ना." हे वाक्य मी नंतर ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं आणि सगळे हसले. ते भांडण पुरं करायला मी यायचं म्हणत होते. परीक्षा झाल्या की, उन्हाळा झाला की. तुम्ही मला दोनदा फोन केलात. एकदा मी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि मीटिंगमध्ये आहे म्हणाले. मी मीटिंगमध्ये नव्हते.

तुमच्या मागच्या बाजूंचं आम्ही काय केलं, तेही सांगते. दर महिन्याला एका कापडी पिशवीतून पानं परत यायची. पहिलं वर्षभर मी प्रत्येक पान वाचलं. मग कामं वाढली. मग मी फक्त किती आली ते लिहून घ्यायचे, कारण अहवालात तेवढंच विचारत होते, आणि पिशवी कपाटात. शिक्षकांना संशोधन वाचायला वेळ नसतो, असं मी भाषणांतून सांगत फिरायचे. शिक्षकांनी लिहिलेलं वाचायला मला वेळ नव्हता.

पुण्यानुमोदनाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते कपाट उघडलं. तुमचं अक्षर लगेच सापडलं, फळ्यावरच्यासारखं मोठं आणि सरळ. जोडीवाचनाच्या पानाच्या मागे तुम्ही लिहिलं होतं:

"पान चांगलं आहे. माझ्याकडून चूक झाली ती बाकी बाईंना सांगावी. मी जोडी बदलली नाही. पंधरा दिवसांनी जोडी बदलावी, नाहीतर मूल ऐकून पाठ करतं. मुक्ता, ही ओळ पुढच्या बाजूला घालता येते का बघ. जागा नसेल तर खालचं चित्र काढ."

मी जमिनीवर बसून रडले, बाई. जो लेख तुम्ही कधी वाचला नाहीत त्यातली ओळ तुम्ही एका बाकाकडे बघून, एका पोरीमुळे, स्वतः शोधून काढलीत. पंधरा दिवसांसकट. ती मला पाठवलीत, आणि ती दोन वर्षं माझ्या पाठीमागच्या कपाटात पडून होती. मी खुर्ची मागं ढकलली की ती त्या कपाटालाच लागते.

पान मी पुन्हा केलं. 'खालचं चित्र', म्हणजे संस्थेचं बोधचिन्ह, काढून टाकलं. साहेबांना विचारलं नाही, विचारतील तेव्हा बघू. ओळ घातली आणि तिच्याखाली लिहिलं: 'मागच्या वेळी ही ओळ मी गाळली होती. वाघमारे बाईंनी ती वर्गात शोधून काढली आणि चूक स्वतःची समजल्या. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.' खाली माझं नाव. मागची बाजू कोरी.

काल ते घेऊन तुमच्या शाळेत गेले. स्टाफरूममध्ये तुमच्या जागेवर एक नवी मुलगी बसते. तिनं डबा खाता खाता पान वाचलं, तुमच्याच नावाशी येऊन तिचं चावणं थांबलं, आणि ती माझ्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. बाकीच्यांनीही वाचलं. ते बरंच झालं.

मग मी रेणुकाला शोधलं. पाचवीत आहे. नळावर बाटली भरत होती. मी तिला पान दिलं आणि म्हणाले, वाचून दाखव. हे तपासायला नव्हतं, शपथ. मला ते स्वतःच्या तोंडानं सांगवेना, म्हणून पोरीकडून वाचून घेत होते. बघा, अजून टेबलच पुसते आहे. ती नळाच्या कट्ट्यावर बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. हळू वाचते, पण वाचते. तिचं बोट आणि तोंड एकाच ओळीवर होतं. शेवटच्या ओळी तिनं दोनदा वाचल्या.

"वाघमारे बाई मला सॉरी म्हणल्या होत्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या समोर."

"हो. त्यांनी म्हणायला नको होतं. मी म्हणायला हवं होतं. मी तुला सॉरी म्हणते."

तिनं मान हलवली. मोठ्या माणसांच्या अशा गोष्टींची तिला तुमच्यामुळे सवय असावी. बाटलीचं झाकण लावलं, पान नीट घडी करून मला परत दिलं आणि विचारलं, "मॅडम, मग तुम्ही हे बाईंना सांगितलं होतं ना?"

मी म्हणाले, "नाही."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. बेल झाली तरी हलेना. शेवटी म्हणाली, "सांगायला पायजे होतं," आणि वर्गाकडे पळाली.

बाई, जोडी बदलायची हे लेखात लिहिलेलं होतं. मी ते काढलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

तुमची,
मुक्ता